पंधरा दिवस वजा

१

शिक्षिकाबाईंचा फोन आला तेव्हा स्टुडिओत सगळे हजर होते. पुढे मात्र ज्याला त्याला विचारलं की तो सांगे, मी त्या वेळी तिथे नव्हतो.

फोन थोरल्याने घेतला. स्टुडिओ त्याचा, कॅमेरा त्याचा, पाटीवर नाव त्याचं, तेव्हा चांगल्या बातम्यांचे फोन तोच घ्यायचा. ही बातमी चांगली नव्हती. बाई अगदी सावकाश म्हणाल्या, "माझ्या मिस्टरांच्या निरोपसमारंभाचा अल्बम दिसत नाही हो. पान उघडलं की 'असा अल्बम नाही' असं येतं."

थोरल्याने शोधलं. अल्बम नव्हता. स्टुडिओचा नियम असा की फोटो वेबसाइटवर चढवले की गिऱ्हाइकाने सहा महिन्यांत उतरवून घ्यायचे. मुदत संपली की सर्व्हर आपोआप अल्बम पुसतो. या अल्बमची मुदत ऑक्टोबरात संपायची होती आणि आता कुठे ऑगस्ट लागला होता. ज्यांचा निरोपसमारंभ होता ते गृहस्थ निवृत्त होऊन महिनाही काढू शकले नव्हते. त्यांचे शेवटचे फोटो तेवढेच होते.

आठवडाभरात असेच आणखी चार फोन आले. पाच अल्बम मुदतीआधी गेले होते. बॅकअप नावाची जी चीज होती तिने इमानेइतबारे पुसलेल्या जागेची नक्कल ठेवली होती, म्हणजे काहीच ठेवलं नव्हतं.

थोरल्याने सर्व्हरवरची माहिती काढली. पाचही अल्बमपुढे लिहिलं होतं, 'मुदत संपली म्हणून पुसला'. म्हणजे पुसणारा सर्व्हरच, पण त्याच्याजवळची मुदतीची तारीख कुणीतरी अलीकडे ओढली होती. आणि पाचही ठिकाणी 'शेवटचा बदल कुणी केला' या रकान्यात एकच लॉगिन होतं. ते त्याच्या बायकोचं होतं.

थोरल्याने त्याच संध्याकाळी शिक्षिकाबाईंना फोन करून सांगितलं, "आमच्या घरच्यांनीच घोळ केलाय, काय बोलणार." बायको शेजारच्या टेबलाशी बसली होती. तिने ते ऐकलं, कॉम्प्युटर बंद केला आणि दुसऱ्या दिवसापासून स्टुडिओत यायचं थांबवलं.

मग थोरल्याच्या धाकट्या भावाने ताईला फोन लावला.

२

ताई म्हणजे थोरल्याच्या पाठची आणि धाकट्याच्या आधीची. एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं तिचं काम होतं. घरात तिला खुसपटताई म्हणत, आणि खुसपट काढायला माणूस हवं झालं की तिचीच आठवण काढत. एरवी तिला कुणी वाढदिवसालासुद्धा बोलावत नसे, हे तिने मनात नोंदवून ठेवलं होतं.

ती आधी वहिनीकडे गेली. वहिनी स्वयंपाकघरात भाजी चिरत होती, आणि ज्या वेगाने चिरत होती तो पाहून ताई जरा लांबच बसली.

"वहिनी, स्पष्ट विचारते. तारखा तुम्ही बदलल्या का?"

"नाही."

"चुकून?"

"ताई, मला तारीख बदलता येते, पण त्यासाठी चार ठिकाणी होकार द्यावा लागतो. चुकून एक अल्बम जाईल. पाच कसे जातील?" तिने सुरी खाली ठेवली. "एकदाच बदलली होती मी. हिवाळ्यात एकीचं बाळंतपण अडलं होतं, तिला मुदत वाढवून दिली. यांना उन्हाळ्यात कळलं तेव्हा केवढं रामायण झालं. म्हणे, तू दानधर्म करतेस माझ्या जिवावर. मीही गप्प बसले नाही. चारचौघांत म्हटलं, लोकांचे फोटो पुसायचा हा नियम एक दिवस तुमच्याच अंगाशी येणार आहे."

"आणि आला."

"हो ना. म्हणून तर ते म्हणतात, मीच आणवला."

ताईने मनात हिशेब मांडला. हेतू होता, संधी होती, वर लॉगिनचा पुरावाही होता. असल्या खटल्यात वकीलसुद्धा फी आधी मागेल.

"शिक्षिकाबाईंचं काय?" तिने विचारलं.

वहिनीचा आवाज खाली आला. "त्या सारख्या फोन करायच्या. फोटो बघवत नाहीत म्हणायच्या, पण आहेत ना, एवढं सांगा. मी पान उघडायची, बघायची, आणि सांगायची, आहेत हो, काळजी नका करू. त्यांची मुलगी सुट्टीला आली की ती उतरवून घेणार होती. ताई, यांनी परक्या बाईला फोनवर माझं नाव सांगितलं. मला विचारलंही नाही आधी. तुम्ही शोधा. मी केलं नाही हे त्यांच्या तोंडून त्या बाईंना कळलं नाही, तर मी या घरात राहणार नाही. रागाने नाही बोलत. चार दिवस विचार करून बोलतेय."

ताईने तिच्याकडे नीट पाहिलं. ती खरंच रागाने बोलत नव्हती.

३

वेबसाइटचा कोड धाकट्याने लिहिला होता. तो एरवी शाळांच्या वेबसाइट बनवायचा आणि भावाचं काम फुकट केल्याचं वर्षातून चारदा ऐकवायचा. ताई त्याच्या खोलीत शिरली तेव्हा तो विजयी मुद्रेने बसला होता.

"सापडलं," तो म्हणाला. "महिन्यांच्या बेरजेत गडबड आहे. हे बघ. एकतीस ऑगस्टला अल्बम चढवला आणि त्यात सहा महिने मिळवले, तर काय येतं? एकतीस फेब्रुवारी. असा दिवसच नाही. मग सर्व्हर काय करतो, फेब्रुवारी संपवून उरलेले दिवस पुढे मोजतो आणि मार्चमध्ये जाऊन पडतो."

"म्हणजे मुदत वाढते."

"हो."

"आपले अल्बम लवकर गेलेत की उशिरा?"

"लवकर," धाकटा पुटपुटला.

"चूक खरी आहे, दुरुस्त कर," ताई म्हणाली, "पण आपला चोर हा नाही. हा तर गिऱ्हाइकाला वर दोन-तीन दिवस देतोय. दादाला कळलं तर याच्यावरही खटला भरेल."

"मग वेळेचा फरक असेल. सर्व्हर परदेशात आहे, त्याचं घड्याळ आपल्या मागे चालतं."

"किती मागे?"

"काही तास."

"त्याने दिवस एकाने इकडचा तिकडे होईल. शिक्षिकाबाईंचे दोन महिने गेलेत. आणि मागचं घड्याळ उशिरा पुसेल, लवकर नाही."

धाकटा चिडला. "मग तूच शोध. तारखांचं सगळं या एका फाइलमध्ये आहे."

ताई शोधायला बसली. कोड होता धाकट्यासारखाच: हुशार, घाईतला, आणि जिथे समजावून सांगायला हवं तिथे गप्प. तिने एकेक ओळ वाचली. अल्बम चढवल्याच्या तारखेत सहा महिने अधिक, ही शेवटची तारीख. शेवटच्या तारखेतून पंधरा दिवस वजा, ही आठवण पाठवायची तारीख. त्या दिवशी गिऱ्हाइकाला संदेश जायचा की फोटो उतरवून घ्या. तिने डझनभर तारखा घालून वजाबाकी तपासली. महिनाअखेर तपासली, वर्षअखेर तपासली, फेब्रुवारीचा प्रत्येक लहरीपणा तपासला. पंधरा दिवस वजा केले की बरोब्बर पंधरा दिवस आधीची तारीख मिळत होती.

धाकट्याच्या लॉगिनने तिने पाच नवे अल्बम बनवले, त्यांची पानं वीस वीस वेळा उघडली. तारखा जागच्या हलल्या नाहीत. दुपार गेली, चहा गार झाला, मान धरली. बिघाड समोर आला की ताईला राग येत नसे. बिघाड लपून बसला की मात्र तिला कुणाच्या तरी डोक्यात काहीतरी घालावंसं वाटे, आणि जवळ धाकट्याचंच डोकं होतं.

"दोन वर्षं ही वेबसाइट नीट चालली," ती म्हणाली. "एक अल्बम गेला नाही. मग या उन्हाळ्यातच काय झालं? काय बदललंस तू?"

"काही नाही."

"अरे, काहीतरी बदलल्याशिवाय चालतं यंत्र बिघडत नाही."

"काही नाही म्हटलं ना, ताई. तुमचं नणंद-भावजयीचं प्रेम मला कळतं, पण लॉगिन वहिनीचं आहे. यंत्राला काय तिच्याशी वैर आहे?"

हे बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. धाकटा लहानपणी बरणीतला लाडू चोरायचा तेव्हाही असंच कपाटाकडे बघत बोलायचा.

४

तिसरा संशयित हेडफोन. हा स्टुडिओतला एडिटर, चाळिशीतला गृहस्थ. दिवसभर कानावर हेडफोन लावून फोटोंचे रंग नीट करत बसायचा, म्हणून हे नाव. थोरल्याने त्याला कबूल केलं होतं की अल्बमवर तुझं नाव घालीन. ते घातलं नव्हतं, आणि हे तो प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत सांगायचा.

"माझ्यावर संशय घ्या, माझी हरकत नाही," तो म्हणाला. "निदान त्या निमित्ताने तरी कुठेतरी नाव येईल."

"गिऱ्हाइकांची पानं तुम्ही उघडता?"

"मला लॉगिनच नाही. मी रंग बघतो, माणसं नाही."

"वहिनींच्या टेबलासमोर बसता. काही वेगळं दिसलं?"

त्याने विचार केला. "दिसलं असं नाही. त्यांचं मशीन हल्ली अडतं. गिऱ्हाइकाचं पान उघडलं की क्षणभर थांबतं, मग येतं. फोनवरच्या माणसाला त्या 'एक मिनिट हं' म्हणतात ते मला हेडफोनमधूनही ऐकू येतं. दादांच्या मशीनवर तेच पान झटक्यात उघडतं. दोन्ही मशीनं एकाच दिवशी घेतलीत, एकाच खोक्यातली म्हणा ना."

"कधीपासून अडतं?"

"ते मोठं भांडण झालं ना, मुदतीवरून? त्यानंतर कधीतरी. मी म्हटलं, घरात तणाव आहे, मशीनलाही जाणवला असेल."

ताईला ते लगेच उलगडलं नाही, पण डोक्यात राहिलं. तिथून ती शिक्षिकाबाईंकडे गेली.

बाईंच्या दिवाणखान्यात खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. माणसं भेटायला येऊन गेल्यावर कुणी त्या परत जागेवर नेल्या नव्हत्या. बाई रागावलेल्या नव्हत्या. ताईला वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमच्या वहिनी चांगल्या बोलायच्या," त्या म्हणाल्या. "पण आता वाटतं, त्यांच्या मनात काहीतरी असावं. मी विचारायची, मला आठवणीचा संदेश कधी येईल? तर दर वेळी वेगळं सांगायच्या. पहिल्यांदा म्हणाल्या, सप्टेंबरच्या मध्याला. पुढच्या खेपेला म्हणाल्या, सप्टेंबर लागताच. मग म्हणाल्या, ऑगस्टच्या मध्याला. आणि शेवटी म्हणाल्या, दोन ऑगस्टला. मला वाटलं, मला घाई करायला सुचवतायत. मी दोन तारखेला वाट पाहिली. संदेश आलाच नाही. संध्याकाळी पाहिलं तर अल्बमच नव्हता."

"तुम्ही हे दादाला सांगितलंत?"

"हो. ते म्हणाले, बघा, हा आणखी एक पुरावा."

ताई जिना उतरताना मध्येच थांबली. खोटं बोलणारं माणूस असं पंधरा-पंधरा दिवसांनी मोजूनमापून खोटं बोलत नाही. वहिनीला बाजारातला हिशेबसुद्धा तोंडी जमत नसे. ती जे पडद्यावर दिसेल ते वाचून दाखवत होती. मग पडद्यावर दर वेळी पंधरा दिवस आधीची तारीख का दिसत होती? आणि ती ताईच्या पडद्यावर का दिसली नाही?

पुढच्या पायरीवर तिला कळलं की ती दुपारभर चुकीच्या माणसाच्या लॉगिनने वहिनीचं काम तपासत होती.

५

"वहिनी, तुमचा पासवर्ड द्या आणि माझ्याबरोबर चला."

"मी तिथे पाय ठेवणार नाही म्हटलंय."

"मग माझ्यासाठी ठेवा. मला तुम्ही रोज जसं बसता तसं बसलेलं बघायचंय."

वहिनी आली. थोरल्याने तिला पाहिलं, काहीतरी बोलायला गेला आणि ताईच्या नजरेने गप्प बसला. धाकटाही तिथेच होता. हेडफोनने कानावरचं काढून गळ्यात घातलं, म्हणजे प्रसंग मोठा होता.

ताईने एक खोटा अल्बम चढवला. शेवटची तारीख फेब्रुवारीत गेली. "आता समजा गिऱ्हाइकाचा फोन आलाय. काय करता?"

वहिनीने पान उघडलं. पान क्षणभर अडलं, मग आलं. पडद्यावर एकच तारीख होती, आठवणीची. शेवटची तारीख गिऱ्हाइकाला सांगायचीच नाही, नाहीतर लोक शेवटच्या दिवसापर्यंत लोळत राहतात, असा थोरल्याचा हुकूम होता. म्हणून धाकट्याने ती पानावर ठेवलीच नव्हती.

"बंद करा. पुन्हा उघडा."

पान पुन्हा अडलं, पुन्हा आलं. आठवणीची तारीख पंधरा दिवसांनी अलीकडे आली होती.

"पुन्हा."

आणखी पंधरा.

वहिनीचा हात माउसवर तसाच राहिला. ती हळूहळू म्हणाली, "म्हणजे मी बघितलं की..."

"थांबा. दादा, आता तू तुझ्या मशीनवर हेच पान उघड."

थोरल्याने उघडलं. झटक्यात उघडलं. बंद केलं, उघडलं, बंद केलं. त्याच्याकडे तारीख हलली नाही.

ताई धाकट्याकडे वळली. तो पुन्हा कपाटाकडे बघत होता.

"आता मला दुसरी फाइल दाखव," ती म्हणाली. "तू लपवलेली."

६

"पंधरा दिवस वजा करायची ओळ मी शंभर वेळा वाचली," ताई म्हणाली, "आणि उत्तर शंभरदा बरोबर आलं. उत्तर बरोबर येतंय म्हटल्यावर मूळ तारखेचं पुढे काय झालं हे मी पाहिलंच नाही. तिथेच फसले."

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. "या तारखेला खूण आहे समजा. मला पंधरा दिवस आधीची तारीख हवीय. एक रीत अशी, की खूण तशीच ठेवायची आणि बोटाने मागे मोजायचं. दुसरी अशी, की ती खूणच खोडायची आणि पंधरा दिवस मागे काढायची. उत्तर दोन्हींत तेच येतं. पण दुसऱ्या रीतीत मूळ तारीख गेली. कोडमध्ये दोन्ही प्रकारच्या तारखा मिळतात. एक वजाबाकी केली की नवी तारीख देते आणि स्वतः तशीच राहते. दुसरी स्वतःच सरकते. आपल्या शहाण्याने सरकणारी घेतली."

"सगळे तीच घेतात," धाकटा पुटपुटला.

"घेतात. आणि दोन वर्षं त्याने काही बिघडलं नाही, कारण खूण सरकायची ती फक्त त्या क्षणापुरती. पान बंद केलं की सरकलेली तारीख हवेत जायची आणि सर्व्हरच्या साठ्यातली मूळची तशीच राहायची. पुढच्या वेळी पान उघडताना तीच मूळची तारीख यायची. मग उन्हाळ्यात असं काय झालं, की सरकलेली तारीख साठ्यात जाऊन बसायला लागली?"

धाकट्याने कपाटावरची नजर हलवली नाही.

"पान उघडलं की अल्बमची सगळी माहिती परत साठवायची, अशी एक गोष्ट कुणीतरी नव्याने घातली. म्हणून पान अडतं. साठवायला वेळ लागतो. आणि साठवताना सरकलेली तारीखही बरोबर साठवली जाते. दर खेपेला पंधरा दिवस. शिक्षिकाबाईंनी चारदा विचारलं, फोटो आहेत ना. वहिनींनी चारदा पान उघडून पाहिलं. चार पंधरवडे गेले. आठवण पाठवायचा दिवस तर मागेच पडला, त्यामुळे संदेश निघाला नाही, आणि मुदत मात्र येऊन ठेपली."

"आणि बाकीचे चार?" हेडफोनने विचारलं.

"ज्यांनी वहिनींना सारखे फोन केले तेच. ज्यांची कुणी चौकशी केली नाही ते अल्बम आजही सुखरूप आहेत."

वहिनीने दोन्ही हात तोंडावर ठेवले. ती रडत नव्हती. तिला तो चौथा फोन आठवत असावा, बाईंना 'काळजी नका करू' म्हटलेला.

थोरल्याचा चेहरा सैल झाला होता. तो मोकळेपणाने म्हणाला, "म्हणजे मशीनचीच चूक. चला, सुटलो. अगं, मग आता मनात काही ठेवू नकोस. झालं गेलं विसरून जा आणि उद्यापासून ये कामावर."

ताईला तिथेच थांबता आलं असतं. चोर सापडला होता, वहिनी सुटली होती. तिने वहिनीकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की वहिनीही मनातल्या मनात एकेक पायरी चढत तिथवर पोचली होती.

"ताई," वहिनी म्हणाली, "यांनी उघडलं तर साठवत नाही. मी उघडलं की साठवतं. असं का?"

ताईने धाकट्याकडे पाहिलं. "सांग."

"दादानेच..." धाकट्याला घाम फुटला होता. "त्या भांडणानंतर दादा म्हणाला, ती कुठली पानं उघडते, कधी उघडते, त्याची नोंद राहू दे. पुन्हा कुणाची मुदत वाढवली तर कळायला हवं. त्याची आणि माझी नोंद नको म्हणाला. मी ती नोंद अल्बमच्या माहितीतच साठवली. मी म्हटलं, सांगू या तिला. तो म्हणाला, कशाला. ताईने विचारलं तेव्हाही मला दादाने..." त्याने वाक्य अर्धवट सोडलं.

"हेडफोनला लॉगिनच नाही," वहिनी म्हणाली. "म्हणजे नोंद माझ्या एकटीची."

थोरला म्हणाला, "अगं, धंद्यात ठेवावं लागतं लक्ष."

"बायकोवर?"

"तसं नव्हे."

"मग कसं?"

ताईला भावाचा इतका राग आला की तिने टेबलाची कड धरून ठेवली. यंत्राने वहिनीला गोवलं ही गोष्ट खरी, पण यंत्राला तिचं नाव थोरल्याने दिलं होतं, आणि मग त्याच नावावर बोट ठेवून तो पुरावा म्हणाला होता.

वहिनीने टेबलावरचा फोन उचलला, शिक्षिकाबाईंचा नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन नवऱ्यापुढे धरला. "बोला."

बाईंचा आवाज आला. थोरल्याने घसा साफ केला. "नमस्कार. ते अल्बमचं बघितलं आम्ही. थोडी तांत्रिक अडचण झाली होती, त्यामुळे..."

वहिनीने फोन कट केला. "पुन्हा लावा."

त्याने पुन्हा लावला. "माफ करा, लाइन गेली. तर काय झालं, आमच्या प्रोग्रॅमरकडून एक चूक..."

वहिनीने पुन्हा कट केला. धाकट्याने मान खाली घातली. हेडफोन आपल्या पडद्याकडे बघत बसला, पण त्याने हेडफोन कानाला लावला नाही.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा फोन लागला. पलीकडून बाई दोनदा "हॅलो" म्हणाल्या. मग त्याने, कधी नव्हे ते, कुणाकडेही न बघता सांगितलं, "बाई, माझ्या बायकोने काही केलेलं नाही. माझा तिच्यावर विश्वास नव्हता, म्हणून मी तिच्यावर नजर ठेवायला प्रोग्रॅममध्ये एक गोष्ट घालायला लावली. त्या गोष्टीमुळे तुमचा अल्बम गेला. ती तुमच्यासाठी बघायला जायची आणि माझ्यामुळे दर वेळी तो थोडा थोडा जात होता. मी तुम्हाला तिचं नाव सांगितलं ते खोटं होतं."

मग बाई म्हणाल्या, "त्या आहेत का तिथे?"

"आहे," वहिनी म्हणाली.

"तुम्ही दर वेळी खरंच बघायचात?"

"दर वेळी."

"बरं," बाई म्हणाल्या. बाईंनी फोन ठेवीपर्यंत वहिनीने वाट पाहिली.

मग ती उठली. तिने आपला पाण्याचा ग्लास आणि चष्म्याचं घर पिशवीत टाकलं. टेबलावर तिचं म्हणून तेवढंच होतं.

"मी बहिणीकडे चाललेय," ती म्हणाली.

थोरला दारापर्यंत गेला. "परत कधी येशील?"

"ते विचारू नका," वहिनी म्हणाली. "मी तारीख सांगायची आणि मागे तुम्ही ती सरकवायची, हे आता पुरे."

ताई तिच्याबरोबर जिना उतरली. वर कुणीतरी टेबलावरचा फोन उचलून परत जागेवर ठेवल्याचा आवाज आला.